उघडलं कोणी, किती वाजता, किती वेळा

खात्रीकाकांना हे नाव कोणी ठेवलं ते आता आठवत नाही, पण का ठेवलं ते गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. कुलूप लावलं की ते तीनदा ओढून पाहायचे. आपलं कुलूप असो, गिऱ्हाइकाचं असो, रस्त्यानं जाताना दिसलेलं कोणाचंही असो. "खात्री करून घ्यावी," असं म्हणायचे आणि पुढे जायचे. एकदा पाहुणे म्हणून गेलेल्या घरी त्यांनी कपाट ओढून पाहिलं होतं आणि ते उघडं निघालं होतं. त्या घरी त्यांना परत कोणी बोलावलं नाही, तरी काका आजही म्हणतात की चूक कपाटाची होती.

धंदा कुलूप-किल्ल्यांचा. दुकान एवढंसं, पण आतल्या भिंतीवर एक फळी होती आणि त्या फळीवर एकसष्ट खिळे. प्रत्येक खिळ्यावर एकेका घराची जादा किल्ली. कोणी किल्ली हरवतं, कोणाचं दार वाऱ्यानं लागतं, कोणी गावाला जातं. म्हणून अख्ख्या मोहल्ल्यानं आपापली जादा किल्ली काकांकडे ठेवलेली. खिळ्याखाली फक्त आकडा. कोणता आकडा कोणाचा, हे लिहिलेलं कुठेच नव्हतं, ते काकांच्या डोक्यात होतं. जगात कोणावर म्हणून विश्वास न ठेवणाऱ्या माणसावर जग विश्वास ठेवत होतं, आणि काकांची मान ताठ असायची ती याच फळीमुळे.

दुकानाची स्वतःची किल्ली मात्र एकच. ती काकांच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूला शिवलेल्या खिशात. दुसरी केलीच नव्हती. एकतीस वर्षांत काकूंच्या हातातसुद्धा ती कधी गेली नाही. काकूंनी सुरुवातीला विचारलं होतं, मग सोडून दिलं.

तर अशा माणसाची वेबसाइट झाली. झाली म्हणजे भाचीनं केली. समोर बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या कुलपांचं चकचकीत दुकान निघालं, त्याला काका नुसतं 'समोरचा' म्हणत. तेव्हा भाची म्हणाली, "मामा, आता तुम्हीही लोकांना दिसलं पाहिजे." काकांनी फोटो काढू दिला तो बंद शटरचा. आत काय आहे ते जगाला कशाला दाखवायचं? वेबसाइटवर ते बंद शटर आणि खाली 'चौकशी प्रत्यक्ष भेटून करावी' एवढाच मजकूर. सहा महिन्यांत पाहून गेलेल्या माणसांत दोघी तर भाची आणि तिची मैत्रीण.

"मामा, बातमीपत्र काढा," भाची म्हणाली. "दर शुक्रवारी ईमेलनं. लोक वेबसाइटवर येत नाहीत ना, मग वेबसाइटच त्यांच्याकडे पाठवायची. लोकांना तुमची आठवण राहते, ओळख वाढते, विश्वास वाढतो."

"माझी आठवण लोकांना कुलूप अडकलं की येतेच. आणि आपला पत्ता ते मला का देतील? मी नसता दिला."

"तुम्ही कोणालाच काही देत नाही, मामा. लोक देतात. आणि सगळ्यांत मोठा फायदा सांगू? पत्र कोणी उघडलं, किती वाजता उघडलं, किती वेळा उघडलं, सगळा रिपोर्ट तुम्हाला दिसतो."

काका कानस ठेवून तिच्याकडे बघत राहिले. "त्यांना कळतं? आपण बघतोय ते?"

"नाही कळत."

काकांनी त्याच दिवशी होकार दिला.

खातं उघडायला तीन दिवस लागले. ती पत्रं पाठवणारी कंपनी आधी म्हणाली, तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा, आणि त्यासाठी नऊ चित्रांतून सिग्नलचे दिवे ओळखायला लावले. "यांना माझ्याकडून रस्त्यांची माहिती का हवीय?" काकांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी मुद्दाम दोन चित्रं चुकीची दाखवली. कंपनीनं त्यांना यंत्र ठरवलं. मग पत्राच्या तळाशी दुकानाचा पूर्ण पत्ता द्यावा लागेल असा नियम निघाला. काका म्हणाले, "ज्यांना माहीत आहे त्यांना कशाला, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना तर नकोच." शेवटी भाचीनं मामा चहा प्यायला गेल्यावर पत्ता टाकून दिला.

पहिलं पत्र 'कुलपाला तेल कधी घालावं' या विषयावर होतं. त्रेचाळीस जणांना गेलं. पाठवल्याला दहा मिनिटंही झाली नसतील, काका रिपोर्टसमोर बसले आणि दिवसभर उठले नाहीत. दोन गिऱ्हाइकं बाहेरून हाका मारून गेली. संध्याकाळपर्यंत उघडलं होतं फक्त नऊ जणांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका शेजारच्या शिंप्याच्या दुकानात उभे.

"तुम्ही उघडलं नाहीत."

शिंप्याच्या हातातली कात्री थांबली. "काय उघडलं नाही, काका?"

"पत्र. काल दहा वाजता तुमच्याकडे आलंय. अजून तसंच पडलंय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं," काका म्हणाले आणि पुढच्या दुकानात गेले. तिथे चष्मेवाला होता. त्यानं पत्र उघडलेलं, म्हणून तो खुशीत होता.

"दहा बाराला उघडलंत आणि दहा बारालाच बंद केलंत," काका म्हणाले. "तेलावरचा भाग वाचायलाच चार मिनिटं लागतात. मी स्वतः घड्याळ लावून वाचलाय."

चष्मेवाल्याचं तोंड उतरलं. त्या दिवसापासून लोक पत्र उघडून फोन तसाच गल्ल्याशेजारी ठेवून देऊ लागले, निदान दहा मिनिटं. काकांना वाटलं, वाचक वाढला.

पण खरा घाव घरातून आला. रिपोर्टमध्ये एक तांबडी ओळ होती: एका वाचकाने यादीतून आपले नाव कमी केले आहे. काकांनी पत्ता वाचला. पुन्हा वाचला. मग ते घरी गेले.

"तू नाव कमी केलंस?"

"केलं," काकू भाजी निवडत म्हणाल्या.

"का?"

"सुरुवातीलाच 'प्रिय ग्राहक' लिहिलं होतं. मी काही ग्राहक नाही."

काकांनी दाराची कडी ओढून पाहिली आणि ते दुकानात परत आले.

दुसऱ्या पत्राचेही तेच हाल झाले. तेव्हा सल्ले सुरू झाले. सल्ला द्यायला कोणाला काय लागतं? शिंपी म्हणाला, "काका, तेल-बिल ठीक आहे, पण उदाहरण पाहिजे. मी गिऱ्हाइकाला कापड नाही दाखवत, शिवलेला कोट दाखवतो." चष्मेवाला म्हणाला, "लोकांना दुसऱ्याच्या घरातलं वाचायला आवडतं. आपल्याच मोहल्ल्यातलं काहीतरी द्या." काका दोघांनाही म्हणाले, "बघू," म्हणजे मनातून ते पटलेलं होतं.

आणि तिसऱ्या पत्रात काकांनी ते लिहिलं. उभा जन्म कुलपात घालवलेल्या माणसानं, ज्याची सावलीसुद्धा त्याला विचारून पडते अशा माणसानं, स्वतःच्या हातानं पुढचा मजकूर लिहिला आणि त्रेचाळीस घरी पाठवला:

'आमच्या सात लिव्हरच्या कुलपाचं एक बोलकं उदाहरण. आपल्या मोहल्ल्यातील एक घर गेले बारा दिवस पूर्ण बंद असून मालकीण आणखी अठरा दिवस परत येणार नाहीत. घरात कोणीही नाही. तरीही आमच्या कुलपामुळे ते सुरक्षित आहे. मी स्वतः रोज सकाळी नऊ वाजता ओढून पाहतो. ओळख पटू नये म्हणून नाव देत नाही. कोपऱ्यावरचं, हिरव्या फाटकाचं, दातांच्या डॉक्टरीणबाईंचं घर.'

नाव दिलं नव्हतं, हे काका नंतरही छातीवर हात ठेवून सांगत.

शुक्रवारी दहाला पत्र गेलं. सव्वादहाला चष्मेवाला दारात हजर. "काका, माझी किल्ली द्या."

"का? हरवली का घरची?"

"नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही लग्नाला जातोय." मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो, आणि तो घाईघाईनं म्हणाला, "हे छापू नका हां!"

त्याच्यामागे शिंपी, ज्यानं स्वतः उदाहरण मागितलं होतं. त्याच्यामागे रांगच. कोणी म्हणे पाहुणे येणार आहेत त्यांना किल्ली लागेल, कोणी म्हणे कुलूपच बदलतोय, एकजण तर म्हणाला घरच विकतोय. खरं कारण कोणीच तोंडावर सांगेना आणि काकांना तर सगळ्यांची कारणं खोटी आहेत हे दिसत होतं. ते एकेक किल्ली खिळ्यावरून काढत होते. आकडा कधी चुकला नाही. शनिवारी दुपारपर्यंत साठ खिळे मोकळे झाले.

फळीवर एकच किल्ली उरली. सत्तावीस नंबर, डॉक्टरीणबाईंची. त्या गावालाच होत्या, नाहीतर तीही गेली असती.

काका स्टुलावर बसले आणि त्या फळीकडे बघत राहिले. समोरच्याच्या दुकानात चार माणसं बोटं टेकवून बघत होती. काकांना त्या वेळी त्याचा रागसुद्धा आला नाही. त्यांना एवढंच कळत होतं की ही एक किल्ली आहे तोवर आपण खात्रीकाका आहोत, आणि त्या हिरव्या फाटकाच्या आत जर काही झालं, तर आपण किल्ल्या कापणारा एक म्हातारा.

माफीचं पत्र पाठवावं म्हणून त्यांनी भाचीला बोलावलं. तर कंपनीनं खातं बंद केलेलं. अकरा जणांनी तक्रार केली होती की हे पत्र धोकादायक आहे. आता पुन्हा सिद्ध करा: तुम्ही कोण, हे पत्ते कुठून मिळवले, धंदा काय. धंद्यांच्या यादीत कुलूपवाला नव्हताच. भाचीनं 'सुरक्षा' निवडलं तर कंपनीनं परवाना मागितला. 'इतर' निवडलं तर 'इतर म्हणजे काय ते शंभर अक्षरांत लिहा' आलं. काकांनी लिहिलं: 'लोकांची दारं उघडून देतो.' उत्तर आलं, तपासणीला पाच कामाचे दिवस लागतील.

पत्र पाठवता येत नव्हतं, पण रिपोर्ट दिसत होता. आणि त्यातच ते दिसलं.

एका पत्त्यावरून तिसरं पत्र शनिवारी संध्याकाळपर्यंत तीन वेळा उघडलं गेलं होतं. पत्त्यात नाव नव्हतं. नुसतं 'बत्तीस' आणि पुढे काहीबाही अक्षरं. दोन्ही दिवशी दुपारी चारच्या सुमाराला, न चुकता. रविवारी चार झाले. मग पाच.

"कोणीतरी परत परत वाचतंय," काका भाचीला म्हणाले. "बारा दिवस बंद, अठरा दिवस येणार नाहीत. हिशेब घालतोय तो."

"मामा, कोणाला आवडलं असेल."

"कुलपावरचं पत्र? पाच वेळा?" काका म्हणाले. "स्वतः लिहिलेलं मीसुद्धा पाच वेळा वाचलं नाही."

संशय आधी समोरच्यावर गेला. मग शिंप्यावर, कारण तो आजकाल नजर चुकवत होता. मग भाचीवरही क्षणभर गेला, कारण रिपोर्ट दाखवणारी तीच. पण चोर जो कोणी असेल, तो चारला पत्र वाचतो म्हणजे त्यानंतर येणार, हे काकांनी नक्की केलं. सोमवारपासून ते रोज साडेतीनला दुकान बंद करून हिरव्या फाटकासमोरच्या कट्ट्यावर जाऊन बसू लागले. हातात वर्तमानपत्र, डोक्यावर कधी न घातलेली टोपी. येणारा-जाणारा प्रत्येकजण म्हणे, "काय खात्रीकाका, आज इकडे?" काका पेपर आणखी वर धरत.

सोमवार ते गुरुवार चोर आला नाही. शुक्रवारी काकांना राहवेना. कट्ट्यावरून कुलूप लागलेलं दिसत होतं, पण दिसणं वेगळं आणि असणं वेगळं. ते रस्ता ओलांडून गेले, इकडेतिकडे पाहिलं आणि कुलूप ओढलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ओढताना खांद्यावर हात पडला.

मोहल्ल्यात नव्यानंच राहायला आलेल्या कोणीतरी चौकीला फोन केला होता, की टोपीवाला एक म्हातारा पाच दिवस एका बंद घरावर पाळत ठेवून आहे. हवालदारही बदलून आलेला, काकांना ओळखत नव्हता. त्यानं खिसे तपासले. दोन कानशी, वाकवलेल्या तारांचा जुडगा, तेलाची कुपी.

"काय करत होता?" चौकीत कागद पुढे ओढून त्यानं विचारलं.

"खात्री करत होतो."

"कसली?"

"कुलूप उघडत नाही याची."

"उघडलं असतं तर?"

काका गप्प बसले. हवालदारानं ते गप्प बसणंही लिहून घेतलं.

"त्या बाईंची किल्ली माझ्याकडेच आहे हो," काका शेवटी म्हणाले. "मला आत जायचं असतं तर मी तारा कशाला आणल्या असत्या?"

"किल्ली कुठाय?"

"दुकानात. फळीवर."

"आणि दुकानाची?"

काकांनी नकळत सदऱ्यावर हात ठेवला. तेही हवालदारानं पाहिलं.

एवढ्यात दारात बॅग आपटल्याचा आवाज झाला आणि डॉक्टरीणबाई आत आल्या. केस विस्कटलेले, दम लागलेला.

"साहेब, माझ्या घरात काहीतरी झालंय, तक्रार लिहून घ्या," त्या म्हणाल्या आणि मग त्यांना बाकावर बसलेले काका दिसले. "अगं बाई! तुम्ही इथे? तरीच दुकान बंद! तुम्ही ठीक आहात ना? माझं कुलूप ठीक आहे ना?"

"आता दहा मिनिटांपूर्वी ओढलंय," काका म्हणाले.

डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्याच. "मग आज पत्र का नाही आलं?"

"कोणतं पत्र?" हवालदारानं विचारलं.

मग त्या बाईंनी सांगितलं ते असं. त्या बहिणीकडे गेल्या होत्या, पण जीव घरात. घरातून निघतानाच कोपऱ्यावरून तीनदा परत येऊन कुलूप पाहिलं होतं. रोज दुपारी चार वाजले की छातीत धडधड व्हायची: लावलं होतं ना? मग काकांचं ते पत्र आलं. 'मी स्वतः रोज सकाळी नऊ वाजता ओढून पाहतो.' तेवढं एक वाक्य वाचलं की जीव शांत व्हायचा. कधी एकदा वाचून भागायचं, कधी दोनदा. आज शुक्रवार, नवं पत्र यायला हवं होतं. दहा वाजले, अकरा वाजले, नाही आलं. त्यांनी ठरवलं की घर फुटलंय आणि काकांना सांगायला तोंड नाही. बारा वाजता त्या निघाल्या, आणि घाईत घराची किल्ली बहिणीच्या टेबलावर राहिली. म्हणून आधी काकांच्या दुकानात गेल्या, ते बंद दिसलं तशा घराकडे न बघताच चौकीत आल्या.

"तो बत्तीस तुम्ही?" काकांनी विचारलं.

"दात बत्तीस असतात हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जुना दवाखान्याचा पत्ता आहे तो."

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. गेला आठवडाभर ज्या चोराला पकडायला ते बसले होते, तो त्यांच्यावर मोहल्ल्यात एकटाच विश्वास ठेवून होता.

हवालदार मात्र कागदावर चालणारा माणूस. तो म्हणाला, "गोष्ट चांगली आहे. पण किल्ली आणा, त्या कुलपाला लागली तर यांना सोडतो. हे इथून हलणार नाहीत. दुसऱ्या कोणाला पाठवा." त्यानं काकांच्या घरी फोन केला आणि पंधरा मिनिटांत काकू आल्या. त्यांनी बाकाकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. नुसता हात पुढे केला.

काकांचा हात सदऱ्याच्या आत गेला आणि तिथेच थांबला. एकतीस वर्षं. हवालदार बघत होता, डॉक्टरीणबाई बघत होत्या. काकूंचा हात तसाच होता, जरासुद्धा मागे-पुढे झाला नाही. काकांनी किल्ली काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली. ती अजून गरम होती.

"शटर आधी वर दाबून मग फिरव," ते म्हणाले. मग पुढे वाकून हळूच कानात सांगितलं, "सत्तावीस नंबर."

"एकच तर लटकतेय म्हणे," काकू म्हणाल्या. "नंबर कशाला पाहिजे?"

किल्ली लागली. कुलूप उघडलं. घरात सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त एका कुंडीतलं रोप सुकलं होतं, त्यालाही काका जबाबदार नव्हते. डॉक्टरीणबाईंनी आनंदाच्या भरात सगळी हकीकत शिंप्याला सांगितली, म्हणजे ती मोहल्लाभर झाली. सोमवारी चष्मेवाला आला, इकडचं तिकडचं बोलला आणि जाता जाता आपली किल्ली काउंटरवर ठेवून गेला. "फक्त उदाहरण देऊ नका," एवढं म्हणाला. आठवडा संपेतो एकोणपन्नास खिळे भरले. बाकीच्या बारांवर काकांचा संशय आहे.

कंपनीचंही उत्तर आलं. 'आपण खरे आहात याची आमची खात्री पटली आहे,' असं त्यात होतं. काकांनी ते छापून घेऊन फळीशेजारी लावलं.

दुकानाची किल्ली काकूंनी परत दिली नाही. सकाळी त्याच येऊन शटर उघडत, रात्री त्याच लावत. काकांनी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा काकूंना काहीतरी दुसरं काम आठवलं. मग काकांनी गुपचूप त्या किल्लीवरून आपल्यासाठी दुसरी करायचं ठरवलं, तेव्हा लक्षात आलं की मूळ किल्ली मागितल्याशिवाय ती करता येणार नाही. ती मागताना त्यांना घाम फुटला. काकूंनी अर्ध्या तासासाठी दिली आणि समोर स्टुलावर बसून राहिल्या.

शुक्रवारचं पत्र अगदी छोटं होतं. 'ज्यांनी सांगितलं त्यांची कुलपं ओढून पाहिली. लागलेली आहेत.' पण भाचीनं ते पाठवताना वरची ओळ वाचली आणि मामाकडे बघितलं. काका छतावरचा पंखा न्याहाळत होते. ओळ अशी होती: 'प्रिय ग्राहक, आणि जिच्याकडे दुकानाची पहिली किल्ली आहे ती,'

"मामा, पण मामींनी नाव कमी केलंय. त्यांना जाणार नाही हे."

"तू घाल परत," काका म्हणाले. "नाही आवडलं तर करील कमी."

दहा वाजता पत्र गेलं. काका रिपोर्टसमोर बसले. साडेदहा झाले, अकरा झाले. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं होतं, ते खोळंबून राहिलं. अकरा वाजून चार मिनिटांनी काकूंच्या नावासमोर हिरवी खूण आली: उघडलं. एकदा.

काकांनी डोळे पुसले आणि चष्मा पुसल्यासारखं केलं. मग ते पडद्याच्या आणखी जवळ सरकले.

"एकदाच?" ते भाचीला म्हणाले. "नीट वाचलं असेल ना गं?"